बूट काढायची खोली

डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याइतका दगडामातीवर जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि दगडामातीनं एखाद्याला इतकं रडवलेलंही दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. त्यांना स्वतःचं नाव आहे. पुण्यात त्यांच्या ऑफिसच्या काचेवर ते सोनेरी अक्षरांत होतं आणि त्याखाली 'वास्तुविशारद' असंही होतं. पण बायको आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आली, तिच्यामागून हे आले आणि ते नाव बहुधा विमानतळावरच राहिलं. आम्हा मोजक्या मराठी घरांत ती डॉक्टरीणबाई आणि हे डॉक्टरीणबाईंचा नवरा. इथं आर्किटेक्ट म्हणून काम करायचं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा मुलाखती. "आता या वयात मी कुणाला जिना काढून दाखवू?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला आणि घरातला स्वयंपाक हातात घेतला. पोळ्या झकास करायचे. एखादी वाकडी झालीच तर ती ताटात वाढताना कुठल्या गडाच्या नकाशावर गेली आहे ते सांगायचे, आणि डॉक्टरीणबाई, दिवसभर माणसं झोपवून आलेली बाई, ती पोळी माचीपासून खायला सुरुवात करायची.

गड हे त्यांचं मूळ दुखणं. पुण्यात असताना दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीतल्या कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जायचं, नुसतं बघायला नाही तर साफसफाईला. टाक्यांतला गाळ उपसायचा, तटात रुजलेली झाडंझुडपं मुळासकट काढायची, दसऱ्याला दरवाजाला तोरण बांधायचं आणि घामाघूम होऊन पिठलंभाकरी खायची. मी नागपूरचा. आमच्या गावात टेकडीवर किल्ला आहे, तो वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांना उघडतो आणि मी तेवढ्याही दिवशी गेलेलो नाही. चढ दिसला की माझी पावलं आपोआप चहाच्या टपरीकडे वळतात. अशा माझ्यासारख्या आळशाच्या गळ्यात हा माणूस पडला, तो केवळ माझ्याकडे गाडी होती म्हणून. लेटरकेनीत गाडीवाचून माणूस लंगडा. त्यांच्या घरची गाडी हॉस्पिटलच्या ड्यूटीला बांधलेली आणि ह्यांना लायसन्स मिळत नव्हतं. चालवता येत होतं, पण परीक्षकाला शेजारी बसवून चाललेले असताना उजवीकडे डोंगर दिसला की स्टिअरिंगवरचा हात काढून "दॅट इज अ परफेक्ट लोकेशन फॉर अ वॉचटॉवर" असं दाखवायचे. परीक्षक नापास करायचा. ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "त्या माणसाला भूगोलाची आवडच नाही रे," एवढंच म्हणायचे.

एका शनिवारी मी त्यांना समुद्र दाखवायला नेलं आणि खाडीच्या तोंडावरच्या टेकडीवर तो किल्ला निघाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांनी खाडीवर नजर ठेवायला बांधलेला, पुढे आयरिश सैन्याकडे गेलेला, नंतर मेंढ्यांकडे. सरकारी यादीत संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेला, म्हणजे दाराला कुलूप आणि कुलपावर पाटी. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्यानं पहिल्या नजरेत तोंड वाकडं केलं. "हा किल्ला? ह्याला बुरूज कुठाय? कंगोरे कुठायत? अरे, खालून तर नुसती गवताची टेकडी दिसते!" मला परत निघायला आनंदच झाला असता. पण त्यांनी कुंपणाला वळसा घातला, खंदकात डोकावून पाहिलं आणि गप्प झाले. हा माणूस बोलता बोलता गप्प झाला की एक तर डॉक्टरीणबाईंचा फोन आलेला असतो, नाही तर काहीतरी फार आवडलेलं असतं. फोन आलेला नव्हता. परतताना गाडीत त्यांनी मला समजावलं की आपले गड शत्रूला दुरून दिसावेत म्हणून बांधलेले, छाती काढून उभे. आणि हा गडी मुद्दाम लपलाय, डोंगर कोरून आत बसलाय आणि अंगावर माती ओढून घेतलीय. "लाजरा किल्ला आहे रे," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझे शनिवार गेले ते गेलेच.

किल्ल्याची किल्ली शेजारच्या शेतातल्या एका म्हाताऱ्याकडे असायची. मेंढ्या त्याच्याच. सरकारनं त्याला कुलूप सांभाळायला सांगितलं होतं आणि तो ते मनापासून सांभाळायचा, म्हणजे कुणी मागितली की लगेच किल्ली काढून द्यायचा. आमच्या ह्यांना तो 'जनरल' म्हणायचा. मला म्हणायचा, "युअर मॅन इज सम मॅन," म्हणजे हा गडी भारीच, आणि डोळे मिचकावायचा. ह्या दोघांची गट्टी जमायला एक मेंढी पुरली. ती खंदकात पडली होती, जनरलनी खाली उतरून तिला उचललं आणि वर यायच्या आधी खंदकाच्या कोपऱ्यातली दगडी कोठडी म्हाताऱ्याला समजावून सांगितली: खंदकात उतरलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी गोळ्या घालायला बांधलेली, वरून कुणाला पत्ताही लागू नये अशी. मेंढी सबंध वेळ त्यांच्या काखेत. म्हातारा जन्मभर त्या कोठडीला कोंबड्यांचं खुराडं समजत आला होता.

पण जनरलचा खरा जीव अडकला तो दारूगोळ्याच्या कोठारात. टेकडीच्या पोटात, पांढऱ्या विटांचं, आज बांधल्यासारखं कोरडं. तिथं बंदुकीची दारू असायची, म्हणून आत दिवा न्यायचा नाही. दिवा भिंतीपलीकडच्या अरुंद बोळातून यायचा आणि जाड काचेमागे ठेवला जायचा. उजेड आत, ज्योत बाहेर. आणि कोठाराच्या आधी एक छोटी खोली, मध्ये गुडघाभर उंचीची लाकडी आडभिंत. अलीकडे सैनिकानं खिळ्यांचे बूट काढायचे, आडभिंत ओलांडायची आणि पलीकडे ठेवलेले कापडी जोडे घालायचे, म्हणजे दगडावर लोखंड घासून ठिणगी पडायला नको. हे कळल्यावर जनरलना जे भरतं आलं त्याला तोड नाही. "गोऱ्यांनी बांधलेली पहिली इमारत बघतोय मी, जिथं पायताण बाहेर काढायचं! इथं राणीच्या सोल्जरलासुद्धा सोवळं होतं!" तेव्हापासून त्या खोलीत बूट काढल्याशिवाय कुणालाही पुढे जाऊ द्यायचे नाहीत. तिथं दारू उरली नव्हती, पायाखालच्या लाकडी फळ्यांच्या जागी गार सिमेंट होतं, बाहेर पाऊस आणि वारा. काही ऐकायचं नाही. गणपतीला डब्लिनच्या ओंगारहून काही मंडळी आमच्याकडे आली होती. "पंधरा मिनिटांचं काम," म्हणून ह्यांनी त्यांना वर नेलं. पैठण्या नेसलेल्या बायका चिखलातून चढल्या, आतल्या खोलीत रांगेनं सँडल काढल्या, आणि तासाभरानं खाली आल्या तेव्हा त्यातल्या एकीनं माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, आत देव कुठला होता?"

आणि मग पुढच्या उन्हाळ्यात ती वारसा खात्याची बाई आली. तरुण, हसरी, पावसाळी कोट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. किल्ल्याची पाहणी करायला आली होती. म्हाताऱ्यानं जनरलना बोलावून घेतलं. ह्यांनी तिलाही बूट काढायला लावले. तिनंही काढले. मोज्याला भोक होतं आणि तिचा अंगठा त्या पांढऱ्या विटांच्या खोलीत आमच्यासमोर उघडा पडला. पण जनरल तेव्हा दिव्याच्या काचेबद्दल बोलत होते आणि ती अंगठा विसरून ऐकत होती. निघताना म्हणाली, की ऑगस्टात जुन्या इमारती लोकांना दाखवतात ना, तेव्हा पुढच्या वर्षी हा किल्लाही एक दिवस उघडता येईल, आणि लोकांना फिरवून दाखवायला तुमच्यासारखा माणूस मिळाला तर फारच छान. "जस्ट कीप द प्लेस टायडी," असं हसून म्हणाली आणि गाडीत बसली.

त्या दिवशी घरी परतताना जनरल खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "छातीवर बिल्ला लावतात रे गाइडच्या. त्यावर नाव असतं." मी काहीतरी थट्टा करणार होतो, पण केली नाही. इथं आल्यापासून हॉस्पिटलच्या पार्ट्यांत, दुकानात, बँकेत ते कुणाचे तरी कुणीतरी होते. पुढच्या ऑगस्टात एक दिवस ते स्वतः कुणीतरी होणार होते. त्यांनी तयारीला सुरुवात केली. पोळ्या लाटता लाटता इंग्रजीत किल्ला दाखवायचे. "लेडीज अँड जंटलमेन, प्लीज रिमूव्ह युअर शूज," हे वाक्य तर त्यांनी इतकं घोटलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरे, आता मी ऑपरेशन थिएटरात पेशंटला हेच म्हणेन."

आता 'टायडी' म्हणजे काय, हे प्रत्येक माणूस आपल्या अनुभवावरून ठरवतो. किल्ल्याच्या अंगावर, तटाच्या उतारांवर काटेरी झुडपं माजली होती. पिवळी फुलं येणारी, अंगात शिरतील अशा काट्यांची. ह्या भागात त्यांना व्हिन म्हणतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं रविवार काढलेल्या माणसाला किल्ल्यावर झुडूप दिसलं की हात शिवशिवणारच. तटावर झाड म्हणजे तटाचा काळ, हे तिथं अक्षरशः खरं असतं; पिंपळाचं मूळ दगड फोडतं. पक्ष्यांच्या घरट्यांचे महिने संपेपर्यंत इथं झुडपं तोडू देत नाहीत, तेवढं मात्र ते थांबले. मग सप्टेंबरात कोयता घेऊन भिडले. म्हातारा आपली करवत घेऊन आला. त्यालाही ते ठीकच वाटलं. जनरल आर्किटेक्ट आहेत, त्यांना कळत असणार, असा त्याचा हिशेब. मी गाडीत बसून थर्मासमधला चहा पीत होतो आणि दोघांना हुरूप देत होतो. काही शनिवारांत उतार असा साफ झाला की किल्ला पहिल्यांदाच खालच्या रस्त्यावरून दिसू लागला. दसऱ्याला जनरलनी दरवाजाला झेंडूचं तोरण बांधलं. संध्याकाळी म्हातारा धावत माझ्याकडे आला, टोपी हातात, चेहरा उतरलेला. "कोण गेलं?" म्हणाला. त्याच्याकडे दारावर फुलं बांधतात ती त्याच कारणासाठी. कुणी गेलेलं नाही, आमचा सण आहे, असं सांगितल्यावर त्यानं "ग्रँड, ग्रँड" म्हणत टोपी डोक्यावर ठेवली.

तोरण सुकायच्या आत वादळ आलं. इथली वादळं नाव घेऊन येतात आणि शाळा बंद करून जातात. दोन दिवस पाऊस आडवा पडत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचा फोन आला, त्यानं नेहमीसारखी थट्टा केली नाही, तेव्हाच मी गाडीची किल्ली उचलली. आम्ही पोहोचलो तर दरवाजावरचा सबंध उतार खाली आला होता. खंदक अर्धा भरला होता, कोपऱ्यातली कोठडी गाडली गेली होती, आणि चिखलाचा एक लोंढा दरवाजातून आत शिरून थेट बूट काढायच्या खोलीत जाऊन बसला होता. ती लाकडी आडभिंत तेवढी वर दिसत होती. जनरल कुंपणाशी उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. फोन आला नव्हता, आणि आवडण्यासारखंही तिथं काही नव्हतं.

ती वारसा खात्याची बाई दोन इंजिनिअर घेऊन आली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, जनरलनी माफी मागून मोकळं व्हायला जागा मिळाली असती. उताराकडे पाहत तिनं शांतपणे सांगितलं, की असल्या किल्ल्यात माती ही वरून पडलेली धूळ नसते, ती मोजून घातलेली असते. तोफेचा गोळा आला तर त्या मातीत रुतून बसावा म्हणून. पहिल्यांदा तिच्यावर गवत लावलं होतं, पुढे व्हिन आले, आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्याच मुळांनी तो उतार धरून ठेवला होता. "द अर्थ इज द बिल्डिंग," ती म्हणाली. मातीच इमारत आहे. म्हातारा मध्ये पडला, "करवत माझी होती, मॅडम," म्हणाला. जनरलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नो. आर्किटेक्ट मी आहे." इतक्या वर्षांत लेटरकेनीत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते अशा वेळी. किल्ल्याभोवती उंच जाळी लागली, धोक्याची पाटी लागली आणि ऑगस्टचं उघडणं रद्द झालं. पुन्हा कधी, हे कुणालाच सांगता येईना.

त्यानंतर त्यांच्याकडच्या सगळ्या पोळ्या गोल होऊ लागल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "अरे, भूल उतरायला किती वेळ लागतो ते मी सांगू शकते. ह्याचं काही कळत नाही मला." मग दिवाळी आली. माझ्या घरामागच्या अंगणात दरवर्षी मुलांसाठी मातीचा किल्ला व्हायचा आणि तो करायचा मान जनरलचा. या वर्षी येणार नाहीत असं आम्ही धरूनच चाललो होतो, पण ते आले, बाह्या सरसावून चिखल कालवायला बसले. बुरूज नाही, दरवाजा नाही, महाराजांना बसायला सिंहासन नाही. माझी मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत कुरकुरली, "आह हिअर, काका, दॅट्स जस्ट अ हिल." मी पाहिलं तर ती तीच टेकडी होती. खंदक, कोपऱ्यातली कोठडी, सगळं. शेवटी त्यांनी खिशातून अळिवाची पुडी काढली. आईनं सुनेला लाडू करायला साताऱ्याहून पाठवलेले अळीव. ते त्यांनी चिमटीचिमटीनं सबंध उतारावर पेरले, वरून ओंजळीनं पाणी शिंपडलं, आणि बसल्या जागी म्हणाले, "लहानपणी आम्ही वाड्यात नाही, गल्लीत किल्ला करायचो. एकदा पाऊस आला. सगळ्यांचे किल्ले वाहून गेले, माझा राहिला, कारण मी अळीव दाट पेरले होते. आठ वर्षांचा होतो रे. तेव्हा माहीत होतं मला." त्यांचे डोळे भरून आले होते आणि हात चिखलाचे, त्यामुळे पुसताही येईनात. मीच पुसले. माझ्याकडून असलं काही होत नाही, पण झालं.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंची बदली एनिसच्या हॉस्पिटलात झाली. आयर्लंडच्या ह्या टोकाकडून खाली क्लेअर जिल्ह्यापर्यंत. निघायच्या आदल्या दिवशी जनरल मला पावसात किल्ल्याकडे घेऊन गेले, मला छत्री धरायला लावली आणि उरलेली अळिवाची सबंध पुडी जाळीच्या वरून उतारावर भिरकावली. निम्मे अळीव वाऱ्यानं आमच्याच तोंडावर आणले. "हे बेकायदेशीर असेल," मी म्हणालो. "लाडू न करणं जास्त बेकायदेशीर आहे, आईला सांगू नकोस," ते म्हणाले. मग एनिसहून दर शनिवारी फोन. तब्येत नाही, हवापाणी नाही, पहिला प्रश्न, "उगवलं का रे?" आणि मी, चढ दिसला की पळणारा माणूस, दर शनिवारी टेकडी चढून पाहून यायचो. एप्रिलात जाळीच्या कडेला हिरवी झाक दिसली. म्हाताऱ्यानं जाळीतून हात घालून चार काड्या तोडल्या, अंड्याच्या सँडविचमध्ये घालून खाल्ल्या आणि जनरलना निरोप पाठवला की पीक उत्तम आहे. व्हिनच्या तोडलेल्या बुंध्यांनाही कोंब आले होते. त्यांना कुणी पेरलं नव्हतं, कुणी फोनही करत नव्हतं. उताराच्या ज्या भागातली माती गेली होती तो मात्र तसाच उघडा होता.

ऑगस्टातल्या त्या शनिवारी, ज्या दिवशी किल्ला उघडायचा होता, जनरल स्वतः गाडी चालवत आले. एनिसमध्ये लायसन्स मिळालं होतं. "तिकडं डोंगर कमी," त्यांनी कारण सांगितलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. म्हातारा टोपी घालून आलाच होता. आसपासच्या गावांत त्या दिवशी कुठलं चर्च, कुठली गिरणी उघडी होती, खालच्या रस्त्यानं गाड्या जात होत्या. आमच्या टेकडीकडे कुणी वळलं नाही. आम्ही तिघं जाळीशी उभे राहिलो. मला वाटलं, आता ते निदान आम्हा दोघांना तरी सगळं सांगतील, पोळ्यांवर घोटलेलं ते सगळं. पण ते खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत कोंबले आणि ते बूट जाळीबाहेर शेजारी शेजारी ठेवून ओल्या गवतावर अनवाणी उभे राहिले.

"मी लोकांना आतल्या खोलीत काढायला लावत होतो," ते म्हणाले. "इथंच काढायला हवे होते रे."

म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हतं, पण त्यानं काठी माझ्या हातात दिली आणि वाकून आपले बूट ओढायला सुरुवात केली. मग मीही काढले. गवत फार गार होतं.